दात्यांच्या पाटीमागची खिडकी

पावसाळ्यात उदास होणं हा खानदेशात गुन्हा आहे. कायद्याच्या पुस्तकात तो नसेल, पण ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाला तोंडपाठ आहे. चार महिने उन्हाने अंगाची काहिली झालेली, विहिरी तळाला गेलेल्या, केळीच्या बागा करपायला आलेल्या, आणि मग एके दिवशी आभाळ भरून येतं तेव्हा सगळं गाव बाहेर येऊन वर बघतं. नेमक्या अशा वेळी एखाद्या बाईने आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजावं, हे कोण खपवून घेईल? माझ्या सासूबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांनी एकदा माझ्यादेखत शेजारणीला सांगितलं, "पाऊस आला त लोकं खूश होता, अन् आमच्या सुनेले रडू येतं. इपरीतच आहे बाई."

रडू येत नव्हतं, हीच तर अडचण होती. रडू आलं असतं तर शेजारणींना निदान पाठीवरून हात फिरवायला जागा झाली असती. मला काहीच येत नव्हतं. आषाढात झड लागली, दिवसचे दिवस सूर्य दिसेनासा झाला, की आधी माझी झोप वाढायची, मग भूक वेडीवाकडी व्हायची, मग बोलताना शब्द अडायचे. भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा आणि पीठ परातीत सुकून जायचं. वह्या तपासायला घेतल्या की पहिल्याच वहीचं पहिलं पान संध्याकाळपर्यंत समोर उघडं. केस विंचरायचे म्हणजे सातपुडा चढायचा. नवरात्र उलटून कडक ऊन पडलं की हे सगळं आपोआप ओसरायचं आणि मी पुन्हा माणसांत यायचे. मे महिन्यात जळगावातली कुत्रीसुद्धा गटारात अंग बुडवून बसतात, तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालत असायचे आणि दुपारी न झोपता पुस्तकं वाचत असायचे. हे कुणाला सांगणार? "पावसाचा त्रास होतो" म्हटलं की लोक छत्री सुचवायचे.

मी मुलींच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. ऐंशीच्या दशकाची अर्ध्याहून पुढची वर्षं. दहावीचा वर्ग माझ्याकडे होता आणि शाळेतली तेवढी एक गोष्ट मला मनापासून आवडायची. लागोपाठ दोन पावसाळे माझ्या इतक्या रजा झाल्या की मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं.

"अर्जात ताप लिहिलाय," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीही तापच होता."

"हो."

"दर वर्षी जुलै-ऑगस्टातच येतो?"

"हो."

"मग हिवताप असेल. रक्त तपासलं?"

"तपासलं. त्यात काही नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मी स्पष्ट बोलते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा असं झालं तर मला संस्थेला कळवावं लागेल. मग नोकरीचं काय होईल ते माझ्या हातात नाही. दहावीच्या मुली मी कुणाच्या भरवशावर सोडू?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून मला जास्त संताप आला. अर्जात लिहिता येईल असा शब्दच माझ्याकडे नव्हता. ताप लिहा, जुलाब लिहा, मावससासऱ्यांना देवाज्ञा झाली असं लिहा, सगळं मंजूर. "उजेड गेला" असं लिहून रजा मिळत नाही.

माझा नवरा पाइपच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानेच धुळ्याच्या डॉक्टरांचा पत्ता काढला. धुळ्याचा एवढ्यासाठी, की जळगावात तसल्या डॉक्टरचा जिना चढताना कुणी पाहिलं असतं तर मी खाली उतरेपर्यंत बातमी असोद्याला पोचली असती. शेजारीपाजारी सांगितलं, पेपर तपासणीची बैठक आहे. एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला गेले. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मोठमोठी नावं घेतली नाहीत. काही जणांना असं होतं, म्हणाले; ऋतू पालटला, उजेड कमी झाला की मन बसतं. गोळ्या दिल्या. "आणि सकाळी अंधाऱ्या खोलीत लोळू नका. उघड्यावर जा. उजेडात बसून काहीतरी अंग हलवा. योगासनं करा, काही करा, पण रोज करा आणि उजेडात करा." उजेडात हा शब्द ते दोनदा बोलले. पुढचं सगळं भांडण त्या एका शब्दाचं आहे.

आमच्या घराच्या मागच्या गल्लीत एका मंडळाची पत्र्याची शेड होती. तीन बाजूंना पत्रे आणि पूर्वेची बाजू मोकळी. तिथे एक निवृत्त ड्रिलमास्तर सकाळी आसनं शिकवायचे. धुळ्याकडचे, मुलाकडे राहायला आलेले. सगळे त्यांना नाना म्हणत. नाना योगी वगैरे काही नव्हते. विडी ओढायचे, गळ्यात शाळेतली शिट्टी अजून असायची, आणि मोजक्या आसनांची नावं सोडली तर बाकीची त्यांना आठवत नसत. "आते तीन नंबर," असं म्हणायचे आणि आम्ही तीन नंबर करायचो. पहिल्या दिवशी मी, पुस्तकं वाचलेली बाई, त्यांना विचारलं, "नाना, योग म्हणजे नेमकं काय हो?"

"साडेसहाले येवानं," नाना म्हणाले. "बाकी मंग देखू."

आम्ही सहा-सात जण असू. बायका आम्ही तिघी, साडीचा पदर खोचून, मागच्या रांगेत. समोर गल्ली, गल्लीपलीकडे कुणाचं तरी पडीक आवार आणि त्यावर सगळं आभाळ. आभाळ कितीही भरलेलं असलं तरी उघड्यावर जो उजेड असतो तो घरातल्या दिव्याखाली नसतो, हे मला त्या शेडमध्ये कळलं. पावसाची सर आली की नाना आम्हाला मागे सरकवायचे. शिंतोडे तोंडावर यायचे. भुजंगासनात मान वर केली की राखाडी का होईना, पण खराखुरा प्रकाश डोळ्यांत जायचा. मी बरी झाले नाही. शब्द अडायचेच, झोप यायचीच. पण घंटा व्हायच्या वेळी मी शाळेत उभी राहू शकत होते, हजेरी घेऊ शकत होते, आणि चौथ्या तासापर्यंत एखादा विनोदही करू शकत होते. त्या पावसाळ्यात रजा अगदी थोड्या झाल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "या वर्षी ताप कमी दिसतो. पण पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." म्हणजे मान अजून पकडीतच होती.

आणि मग मंडळाला मोठं व्हायचं सुचलं.

मंडळाचे चिटणीस एका सराफाच्या पेढीवर हिशेब लिहायचे. चांगला, हसतमुख माणूस होता. कुठल्याशा शिबिराला गेला आणि पांढरे कपडे घालून परत आला. आठवड्याभरात शेडच्या पत्र्यावर फळा लागला आणि त्यावर त्यांच्या नावाआधी 'योगाचार्य' आलं. ज्याचं नानांच्या वर्गात गुडघ्याला नाक टेकत नव्हतं, तो आता आम्हाला नाभीतल्या शक्तीबद्दल सांगू लागला. त्याचं नाक अजूनही टेकत नव्हतं. पण आचार्यांनी करून दाखवायचं नसतं, सांगायचं असतं, हे तो शिबिरात शिकून आला होता. योगासाठी शेड कमी पडते, सभागृह पाहिजे, असं ठरलं. सहा-सात जणांना कमी पडणारी शेड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

देणगीदार धावले. जळगावात सभागृहाला देणगी मिळायला वेळ लागत नाही. पाटी कुठे लागणार एवढंच विचारतात. शेड पाडून त्याच जागी उन्हाळ्यात बांधकाम उरकलं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर उद्घाटन झालं. भर दुपारी. मुख्य पाहुणे एका डाळमिलचे मालक, सर्वांत मोठे दाते. लोक त्यांना शेठ म्हणत. भाषणांवर भाषणं झाली. प्रत्येक वक्त्याने 'मी दोनच मिनिटं घेणार आहे' असं सांगून घड्याळाकडे पाठ केली. योगाने रक्तदाब जातो, मधुमेह जातो, वासना जातात असं कळलं. वक्ते मात्र जाईनात. नानांचा सत्कार झाला. त्या उकाड्यात, जिथे माणसाला अंगावर सदरा नकोसा होतो, तिथे त्यांच्या खांद्यांवर लोकरीची शाल घातली. "नानांनी आता विश्रांती घ्यावी," असं योगाचार्य म्हणाले आणि टाळ्या झाल्या. एका माणसाला घरी पाठवताना इतक्या टाळ्या वाजवायच्या असतात हेही मला नवीन होतं. मला वाटलं नाना चिडतील. नाना खूश होते. घामाच्या धारा लागल्या तरी शाल काढेनात.

मग पडदा ओढला आणि दात्यांची पाटी दिसली.

पूर्वेच्या भिंतीवर, जवळजवळ अख्ख्या भिंतीएवढी संगमरवरी पाटी. काळ्या अक्षरांत नावं. मी बांधकाम रोज येता-जाता पाहिलं होतं; त्या भिंतीत दोन मोठ्या खिडक्यांच्या चौकटी बसवलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या विटांनी बुजवल्या होत्या. पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत लागून, दक्षिणेला व्यासपीठ, उत्तरेला दार. खिडकी म्हणून जी काय होती ती दाराच्या वरची झडप.

कार्यक्रम संपल्यावर मी योगाचार्यांना गाठलं. "खिडक्या का बुजवल्या?"

"पाटीला जागा लागली, ताई."

"दुसऱ्या भिंतीवर लावायची."

"दुसरी कुठली? दात्यांची नावं पश्चिमेला लावायची? लोक काय म्हणतील? पूर्व ही शुभ दिशा."

याहून मोठा विनोद अजून व्हायचा होता. सूर्यनमस्कार पूर्वेकडे तोंड करून घालायचे असतात. पुढच्या सकाळपासून आम्ही सगळे त्या पाटीसमोर ओळीने उभे राहिलो. 'ॐ मित्राय नमः' म्हणून आम्ही हात जोडले ते डाळमिलच्या मालकांना. पुढच्या मंत्राला त्यांच्या मातोश्रींना. मग एका ठेकेदाराला, मग कुणाच्या तरी स्वर्गवासी काकांना साष्टांग दंडवत. सूर्य पाटीच्या मागे होता. त्याने देणगी दिली नव्हती.

उन्हाळ्यात मी हसून घेतलं. उन्हाळ्यात मला सगळंच हसण्यासारखं वाटतं. पण आषाढ लागला, झड सुरू झाली आणि मी त्या बंद डब्यात ट्यूबलाइटखाली चटई टाकून बसू लागले. ट्यूबलाइटवरही दात्यांची नावं लाल रंगात लिहिलेली होती. नाव ठळक यावं म्हणून रंग जाड लावला होता, त्यामुळे प्रकाश नावाच्या कडेने जमेल तसा बाहेर यायचा. पावसात वीज जायची तेव्हा तेही संपायचं. मग काळोखात योगाचार्यांचा आवाज यायचा, "घाबरू नका. अंधारात मन अंतर्मुख होतं." माझं मन अंतर्मुखच होतं. त्याला ओढून बाहेर काढायला मी येत होते.

पंधरवड्यातच ओळखीच्या खुणा दिसू लागल्या. भाकरी थापताना हात थांबला. एके सकाळी शाळेत हजेरी घेताना एक नाव वाचलं आणि पुढचं वाचायचं असतं हेच विसरून गेले. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. घरी सकाळी उजेड म्हणावा असा नव्हता, आम्ही तळमजल्याला मागच्या खोल्यांत भाड्याने राहत होतो. गच्ची घरमालकांची आणि पावसाळ्यात कुलपात. धुळ्याला जाऊन गोळ्या वाढवून आणल्या. रजेचा अर्ज मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. तिसऱ्यांदा फाडता येणार नाही हे मला दिसत होतं.

म्हणून मी मंडळाच्या बैठकीला गेले. पाचसहा पुरुष, मध्ये चहा, आणि मी दाराजवळच्या खुर्चीवर. म्हटलं, पाटी थोडी कमी करून एक तरी खिडकी उघडा.

"ताई, पाटी कमी करता येत नाही," योगाचार्य म्हणाले. "नावांचा क्रम ठरवायलाच आमचा पूर्ण शिमगा झाला. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून दोन भाऊ बोलत नाहीत अजून. एक दगड हलवला की सगळ्यांचे दगड हलतील."

"नावं आत राहतात आणि माणसं घुसमटतात, हे बरं दिसतं का?"

"खिडकी पाहिजे कशाला पण? कारण काय?" एका सभासदाने विचारलं.

इथे मी अडले. कारण एकच होतं आणि ते सांगितलं असतं तर रात्रीच्या जेवणाआधी ते शाळेत पोचलं असतं. मी म्हणाले, "हवा येत नाही."

"बरोबर आहे," योगाचार्य म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

काम झालंच. श्रावणात एक छापील निमंत्रण आलं. शेठच्या औदार्याने सभागृहाला एक्झॉस्ट फॅन मिळाला होता आणि त्याच्या लोकार्पणाचा सोहळा ठेवला होता. पंख्याचा. लोकार्पण. 'ज्यांच्या सूचनेवरून हा उपक्रम साकारला' अशी माझी ओळख छापली होती, आणि कळ माझ्या हस्ते दाबली जाणार होती. पाहुण्यांमध्ये आमच्या मुख्याध्यापिकाबाईही होत्या. कारण शाळेच्या शिक्षिकेचा गौरव म्हणजे शाळेचा गौरव. मी सभागृहात गेले तर पंखा कुठे बसवलेला? पूर्वेच्या भिंतीत, पाटीच्या वर. या भिंतीला हात लावता येत नाही असं मला सांगणाऱ्यांनी तिथे गोल भोक पाडलं होतं, कारण आता त्या भोकालाही दाता मिळाला होता. पात्यांवर नाव होतंच.

मी कळ दाबली. पंखा फिरला. शेठचं नाव गरगरत नाहीसं झालं. टाळ्या. मग योगाचार्यांनी ध्वनिक्षेपक माझ्यापुढे सरकवला, "ताई, दोन शब्द. आभाराचे."

मी काही ठरवून गेले नव्हते. शब्द तर त्या दिवसांत मला एरवीही सापडत नसत. पण रागाने माझी जीभ सुटली, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"हवेची अडचण नव्हती," मी म्हणाले. "मी बैठकीत हवा म्हणाले, कारण खरं सांगायची लाज वाटली. मला उजेड कमी पडतो. पावसाळ्यात मी आजारी पडते. मनाने. तापाने नाही. त्यासाठी मी धुळ्याला डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते. त्यांनी उजेडात आसनं करायला सांगितली आहेत. शेडमध्ये उजेड होता. इथे पाटी आहे. पंख्याबद्दल आभारी आहे."

शेठ योगाचार्यांकडे वाकले. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"तुम्ही तर हवा म्हणाला होतात ना?"

"इतिवृत्तात हवाच आहे, शेठ."

"मग उजेडाचं काय आता?"

"ट्यूबलाइट वाढवू."

आणि पुढच्या क्षणी माझा सत्कार झाला. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेला होता, त्यामुळे तो टाळणं कुणाच्या हातात नव्हतं. मी सगळ्या गावासमोर मनाचा आजार सांगून उभी होते आणि मुख्याध्यापिकाबाई, नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी ठेवून, माझ्या हातात नारळ देत होत्या. बाहेर पडताना नाना भेटले. तीच शाल खांद्यावर.

"तुले काय व्हयनं व माय? चांगली ते शे."

"शेड बरी होती, नाना."

"शेडमा काय व्हतं? आते फरशी शे, पंखा शे, बठ्ठं शे." आणि ते पंखा बघायला आत गेले.

सासूबाईंना दोन दिवसांत कळलं. त्या असोद्याहून मोटारीने आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "धुळ्याले जात होती त सांगायचं ना. मी बी आली असती. माझी बहीण आहे तिथी." त्यापलीकडे आजाराबद्दल त्यांनी कधीही काही विचारलं नाही. मला तेवढ्याचंही बरं वाटलं.

मी मात्र सोहळ्याच्या दुसऱ्याच सकाळी चटई घेऊन सभागृहाच्या मागे, पूर्वेकडच्या गल्लीत गेले होते. भिंतीला लागून जोत्याचा हातभर रुंद कट्टा सुटला होता आणि त्याच्यापुढे थोडी फरसबंद जागा. शेडची मोकळी बाजू जिथे होती, नेमकी ती जागा. आभाळ तसंच होतं, पलीकडचं पडीक आवारही. फक्त डोक्यावर पत्रा नव्हता आणि आता आतल्या माणसांची शिळी हवा, उदबत्तीच्या धुरासकट, शेठच्या पंख्यातून थेट माझ्या अंगावर येत होती. भिंतीपलीकडून मंत्र ऐकू यायचे. ते पाटीच्या एका बाजूने नमस्कार घालत होते, मी दुसऱ्या बाजूने, पाटीकडे पाठ करून.

बाई माणूस उघड्यावर आसनं करतेय म्हटल्यावर गल्लीला करमणूक झाली. दूधवाला सायकलवरून उतरून चालत जायचा. पानटपरीवरचा एक जण रोज तेच विचारायचा, "बाई, सर्कस कधी आहे?" एकदा मी हातांवर अंग तोलून असतानाच म्हटलं, "तिकीट काढलंत का?" त्यानंतर तो विचारेना, पण बघायचा. झिमझिम असली तर मी भिजायचे. जोराचा आला तर कट्ट्यावर पाय वर घेऊन, छत्री धरून, नुसताच प्राणायाम करत बसायचे. आणि आत, कोरड्यात, रिकाम्या चटया पसरलेल्या असायच्या. याची चीड मला आजही आहे. ती जावी म्हणून मी कधी प्रयत्न केलेला नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी योगाचार्य बाहेर आले.

"ताई, हे बरं दिसत नाही."

"काय?"

"तुम्ही त्या दिवशी जे बोललात ते लोकांच्या लक्षात आहे. आता तुम्ही इथे, अशा, मंडळाच्या मागे. लोक म्हणतात, मंडळाच्या योगाने बाईवर परिणाम झाला."

"परिणाम आत झाला होता. बाहेर आल्यावर कमी होतोय."

"तुमच्यासाठी आत पुढची जागा राखून ठेवतो. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली."

"गल्ली मंडळाची आहे?"

"नाही. नगरपालिकेची."

"मग नगरपालिकेला सांगा."

ते उभे राहिले. चांगला, हसतमुख माणूस. काय करावं हे त्यांना खरंच कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "छत्री मंडळाचीच धरा निदान. त्यावर नाव आहे." मी त्यांच्याकडे बघितलं. ते गंभीरपणे बोलत होते.

शाळेत दुसरं बोलणं झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी दार लावून घेतलं.

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर काय लिहिलं असतंत?"

त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. "रजा नाहीत तोवर संस्थेला कळवण्याचा प्रश्न नाही. पण दहावी मी काढून घेते आहे. आठवी घ्या. पालक विचारायला येतात. त्यांना मी काय सांगू, की बाई गोळ्या घेतात?"

"ताप होता तोवर दहावी चालत होती."

"ताप उतरतो, बाई."

आजही हे वाक्य आठवलं की माझी मूठ वळते. माझ्या दहावीच्या मुलींचा त्या वर्षी मराठीचा एकही तास बुडालेला नव्हता. सकाळी गल्लीत भिजून, घरी येऊन, ओली वेणी तशीच वर बांधून मी घंटेआधी वर्गात उभी राहत होते. मी आठवी घेतली. नोकरी सोडून रुबाब दाखवण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती. भाद्रपद सगळ्यात वाईट गेला, आभाळ हटेचना. एक-दोन सकाळी नवऱ्याने रात्रपाळीवरून येऊन मला अक्षरशः हाताला धरून उठवलं आणि गल्लीच्या तोंडाशी नेऊन सोडलं. मी अर्ध्या मनाने, कधी डोळे मिटूनच, नानांचे एक नंबर ते तीन नंबर केले. आणि शाळेत गेले. त्या पावसाळ्यात मी एकही रजा घेतली नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यात भेटल्या. "यंदा छान झालं. बऱ्या झालात म्हणायच्या."

"नाही," मी म्हणाले. "पुढच्या आषाढात पुन्हा होईल."

त्यांना हे आवडलं नाही. माणूस एकदाचा बरा झाला की त्याचा सत्कार करून मोकळं होता येतं. दर वर्षी आजारी पडून दर वर्षी कामावर येणाऱ्या बाईचं काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. "दहावीचं पुढच्या वर्षी बघू," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी बघितलं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. मी मात्र दर जूनला, शाळा उघडायच्या दिवशी, 'मला दहावी द्यावी' असा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवत राहिले. खाली कारण लिहायची जागा असते, तिथे लिहायचे: मागील पावसाळ्यात रजा निरंक. त्या अर्ज वाचायच्या, खणात ठेवायच्या आणि मला आठवीचं वेळापत्रक द्यायच्या. मग पाऊस लागायचा आणि मी सकाळी चटई काखेत घालून गल्लीत जायचे.